आठवत नाही, पण केलं असेन

रात्रीचे दोन वाजले आहेत. तारीख 27 जानेवारी 1974. आइसलँडची राजधानी रेक्याविक, तिच्या दक्षिणेला हाफ्नारफ्योर्दुर नावाचं बंदराचं गाव, आणि तिथल्या रस्त्याच्या कडेला तुम्ही उभे आहात. रस्ता कुठे संपला आणि लाव्हाचा खडक कुठे सुरू झाला, हे कळू नये इतका बर्फ पडला आहे. हा खडक नीट पाहून ठेवा. ज्वालामुखीचा रस थिजून तयार झालेला, काळा आणि भेगाळ. बर्फ साचला की त्यातल्या भेगाही झाकल्या जातात आणि वरून सगळं सपाट दिसतं.

तुमच्यासमोरून अठरा वर्षांचा एक मुलगा लटपटत जातो. नाचाच्या कार्यक्रमातून निघाला आहे, प्यायलेला आहे. नाव गुदमुंदुर आइनारसन. घर दहाएक किलोमीटर लांब आहे. एखादी गाडी थांबते का ते तो बघतो आणि चालू लागतो. पुढे त्याचं काय झालं, ते आजतागायत कुणालाही सांगता आलेलं नाही.

आता त्याच वर्षीच्या 19 नोव्हेंबरला चला. केफ्लाविक हे मच्छीमारांचं गाव. गेयरफिन्नुर आइनारसन या 32 वर्षांच्या बांधकाम कामगाराच्या घरी रात्री फोन येतो. आडनावासारखं दिसणारं ते नाव वडिलांच्या नावावरून पडलेलं; गुदमुंदुरशी त्याचं काही नातं नाही. गेयरफिन्नुर गाडी काढून बंदरावरच्या कॅफेकडे जातो. गाडी सापडते, किल्ली आतच. माणूस सापडत नाही. त्या संध्याकाळी कॅफेतून फोन करणाऱ्या एका अनोळखी माणसाचं वर्णन लोकांकडून घेऊन पोलीस त्याच्या चेहऱ्याची मातीची प्रतिकृती करतात आणि देशभर दाखवतात. तो माणूसही मिळत नाही.

देशाची लोकसंख्या सव्वादोन लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढी. खून इथे क्वचितच होतो. दोन माणसं गेली आणि मागे काहीच उरलं नाही, हे त्या समाजाला सोसवेना. पेपर रोज विचारू लागले, मंत्री विचारू लागले. पोलिसांकडे प्रेत नव्हतं, हत्यार नव्हतं, साक्षीदार नव्हता. उत्तर मात्र हवं होतं.

डिसेंबर 1975. दिवसाला जेमतेम चार तास उजेड. रेक्याविकच्या सिदुमुली तुरुंगात एर्ला बोलादोत्तिर ही वीस वर्षांची मुलगी बसली आहे. घरी तिची अकरा आठवड्यांची मुलगी आहे. तिला आणि तिचा जोडीदार सायवार चेसेल्स्की याला टपाल व दूरध्वनी खात्यातल्या पैशांच्या अफरातफरीसाठी पकडलं आहे. अफरातफर तिने कबूल केली आहे. आता घरी जायला मिळेल, असं तिला वाटतं आहे.

तेवढ्यात पोलीस एक फोटो पुढे सरकवतात. गुदमुंदुरचा. दोन वर्षांपूर्वीची ती रात्र आठवते का?

आठवायला काही फार नाही. ती घरी येऊन झोपली होती आणि तिला वाईट स्वप्न पडलं होतं. खिडकीबाहेर कुणीतरी कुजबुजतंय, असं. ती खरं तेच सांगते. टेबलापलीकडून प्रश्न येतो की ते नक्की स्वप्नच होतं का. काहीतरी भयंकर पाहिलं असेल आणि मनाने ते झाकून टाकलं असेल, असं तर नाही?

हा प्रश्न एकदा विचारला असता, तर विरून गेला असता. तो दिवसचे दिवस विचारला गेला, आईपासून तुटलेल्या तान्ह्या मुलीची आठवण मनात असताना. शेवटी एर्लाने एका जबाबावर सही केली. आपल्या घरात चादरीत गुंडाळलेलं काहीतरी जड सायवार आणि त्याचे मित्र उचलून नेत होते, असं त्यात लिहिलं होतं. सही झाली आणि तिला घरी सोडलं. त्या एका कागदावरून तरुणांची धरपकड सुरू झाली. मग दुसऱ्या बेपत्ता माणसाचे प्रश्न आले, पुन्हा एर्ला आली, पुन्हा नावं आली. त्या नावांवरून ज्यांचा काडीमात्र संबंध नव्हता असे चार जण महिनोनमहिने कोठडीत राहिले.

इथपर्यंत तुम्ही बघे होतात. आता कोठडीत तुम्हीच बसा. पुढचा प्रसंग एर्ला आणि सायवार धरून या प्रकरणात आरोपी ठरलेल्या सहा जणांपैकी कुणा एकाचा नाही, पण त्यात जे जे आहे ते त्यांच्या हकिगतींमध्ये आहे.

खोली लहान आहे. घड्याळ नाही. झोप लागावी, मन शांत राहावं म्हणून गोळ्या मिळतात आणि त्या घेतल्या की सकाळ कोणती, संध्याकाळ कोणती, याचा अंदाज चुकतो. घरचं कुणी भेटत नाही, वकील जवळ नाही. बाहेर तुम्हाला कोण विसरलं, कुणी तुमच्याविरुद्ध काय सांगितलं, कळायला मार्ग नाही. दिवसात एकच माणूस तुमच्याशी बोलतो: तपास अधिकारी. त्याच्या पावलांचा आवाज आला की भीती वाटते. आणि हे मान्य करायला जड जातं, पण बरंही वाटतं. कारण तो आला नाही, तर कुणीच येत नाही.

तो ओरडत नाही. झोप लागली का विचारतो, सिगारेट देतो. मग म्हणतो, “26 जानेवारीच्या रात्री तू कुठे होतास?”

तुम्ही स्वतःलाच विचारून बघा. दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीतल्या शेवटच्या शनिवारी रात्री तुम्ही कुठे होतात? कुणाबरोबर? किती वाजता झोपलात?

“मी नव्हतो तिथे.”

“मग कुठे होतास?”

“आठवत नाही.”

“म्हणजे नव्हतास, की आठवत नाही?”

इथे तुम्ही अडकलात. प्रामाणिक माणसाकडे या प्रश्नाला एकच उत्तर असतं, आणि ते प्रामाणिक उत्तरच दार उघडून देतं. ज्याला आठवत नाही, त्याच्याकडून काहीही झालेलं असू शकतं. अधिकारी समजुतीच्या सुरात सांगतो की माणूस भयंकर गोष्टी मनाच्या तळाशी ढकलून देतो. तुझ्या दोस्तांनी सांगितलंय तू होतास. ते कशाला खोटं बोलतील? तू आठवून बघ, मी मदत करतो.

रात्री तुम्ही एकटेच. आठवून बघता. आठवणं म्हणजे इथे दुसरं काय, तर कल्पना करणं. ती खोली कशी असेल, भांडण कसं झालं असेल, पहिला ठोसा कुणी मारला असेल. पहिल्या रात्री ते चित्र परकं असतं. विसाव्या रात्री ओळखीचं होतं. मन फसतं ते इथे. ओळखीचं वाटतं ते घडलेलं असावं, असं ते धरून चालतं. सकाळी तुम्ही चित्रातला एखादा तुकडा सांगता. चुकला तर अधिकारी मान हलवतो, बरोबर असला तर लिहून घेतो. काय बरोबर, हे त्याला आधीच ठाऊक आहे, किंवा ठाऊक आहे असं त्याला वाटतं. हळूहळू तुकडे त्याच्या मनातल्या कथेला जुळत जातात. एक दिवस तुम्ही म्हणता, “आठवत नाही, पण केलं असेन.” पुढच्या आठवड्यात त्यातला ‘असेन’ गळून पडतो.

यातल्या एका आरोपीने, त्रिग्वी लेइफसनने, एकांतवासात 655 दिवस काढले. 655 दिवस. आणखी एक जण शिक्षक होता, त्याने 412 दिवस काढले. आपण जे सांगतोय ते घडलं की नुसतं मनात आलं, याचा त्याला थांग लागेना. मारहाणीचे आणि छळाचे आरोपही पुढे झाले. पण सहा जणांना आतून मोडणारं मुख्य हत्यार होतं ते एकटेपण. आपल्याकडे मारझोडीची गोष्ट सांगितली की लोकांना कबुली समजते. कुणी बोटही लावलं नाही तरी माणूस न केलेला खून आपला म्हणतो, हे मात्र पटत नाही. म्हणून तुम्हाला या खोलीत बसवलं.

आता उठा आणि टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत बसा. हीही बाजू आतून पाहायला हवी.

साल 1975, शहर तेच. तुम्ही रेक्याविक पोलिसांतले तरुण अधिकारी आहात, नाव गीस्ली गुदयोनसन. एका बाईची पर्स चोरीला गेल्याची तक्रार आहे. संशयित तिच्या घरी दारू प्यायला बसला होता, नशेत गोष्टी विसरण्याची त्याची खोड सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही त्याला आणता, विचारता. तो म्हणतो की आठवत नाही, पण मीच घेतली असणार. तुम्ही दमदाटी केलेली नाही. काम झालं, फाइल बंद. आणि मग कळतं की पर्स चोरीला गेलीच नव्हती. बाईने ती कुठेतरी ठेवली होती आणि विसरली होती.

जो गुन्हा घडलाच नाही, त्याची कबुली तुम्हाला मिळाली. भल्या हेतूने, साध्या प्रश्नांनी. पुष्कळ अधिकाऱ्यांनी हा प्रसंग किस्सा म्हणून सांगितला असता. गुदयोनसन यांनी त्यावर आयुष्य लावलं. ते लंडनला गेले, मानसशास्त्रज्ञ झाले. प्रश्नाच्या ओघात माणूस किती वाहून जातो हे मोजण्याच्या त्यांच्या कसोट्या जगभर वापरल्या जातात. ब्रिटनमध्ये बाँबस्फोटांच्या आरोपाखाली वर्षानुवर्षं तुरुंगात असलेल्या गिल्डफर्ड फोर आणि बर्मिंगहॅम सिक्स यांच्या सुटकेत त्यांच्या अभ्यासाचा उपयोग झाला. आपल्याच स्मरणशक्तीवरचा विश्वास उडून माणूस समोरच्याचं सांगणं स्वतःची आठवण मानू लागतो, या अवस्थेचं वर्णन त्यांनी आणि जेम्स मॅकीथ यांनी 1982 मध्ये केलं. तुम्ही कोठडीत जे अनुभवलं, ते हेच.

अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसल्यावर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. समोरचा गुन्हेगार आहे, असं तुम्ही मनाशी ठरवून आत आला आहात. मग तो घाबरला तर ती अपराधाची खूण, शांत राहिला तर निर्ढावलेपणाची. रडला तर पश्चात्ताप, नाही रडला तर मग्रुरी. निर्दोष दिसण्याची त्याला सोयच उरलेली नाही. तुम्ही दुष्ट आहात असं नाही. तुमची खात्री झाली आहे, आणि चौकशीच्या खोलीत खात्रीइतकं धोक्याचं काही नाही.

जरा पुढच्या काळात, अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत डोकावा. सॉल कॅसिन आणि कॅथरीन कीकेल यांचा हा प्रयोग 1996 मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना कॉम्प्युटरवर अक्षरं टाइप करायला बसवलं आणि बजावलं की ‘ऑल्ट’ हे बटण दाबू नका, नाहीतर सगळी माहिती जाईल. मध्येच कॉम्प्युटर बंद पडला आणि विद्यार्थ्यावर आळ घेतला गेला. बटण कुणीच दाबलेलं नव्हतं. तरी 69 टक्के विद्यार्थ्यांनी कबुलीच्या कागदावर सही केली. 28 टक्क्यांना आपण खरंच ते दाबलं असं वाटू लागलं, आणि 9 टक्क्यांनी ते कसं दाबलं गेलं याचे तपशीलही रचून सांगितले. टाइपिंगचा वेग वाढवला आणि ‘मी बघितलं’ म्हणणारा एक खोटा साक्षीदार उभा केला, तेव्हा एकूण एक विद्यार्थ्याने सही केली. इथे कोठडी नव्हती, गोळ्या नव्हत्या, शिक्षेचं भयही फारसं नव्हतं. एक साक्षीदार आणि थोडी घाई एवढंच होतं.

पुन्हा आइसलँड, 1976 चा हिवाळा. तुम्ही पुन्हा लाव्हाच्या खडकावर उभे आहात, या वेळी दिवसा. पोलिसांच्या गाड्या येतात, आरोपीला खाली उतरवतात. प्रेत कुठे टाकलं, दाखव. तो एका दिशेला बोट करतो. माणसं फावडी घेऊन जातात. काही नाही. मग दुसरी जागा. शहराबाहेरच्या लाल टेकड्या, ज्यांना तिथे रॉयदहोलार म्हणतात, तिथे खणून होतं. काही नाही. प्रत्येक वेळी जबाब बदलतो, नवी जागा येते.

इथे थांबा आणि या फावड्यांकडे लक्ष द्या. सहा माणसं, दोन खून, शेकडो तासांची चौकशी, जबाबांचा ढीग, आणि या साऱ्यातून पोलिसांना आधी माहीत नसलेली एकही वस्तू जमिनीतून वर आली नाही. ना हाड, ना कपडा, ना हत्यार. खऱ्या गुन्हेगाराला असं काहीतरी ठाऊक असतं, जे विचारणाऱ्याला ठाऊक नसतं. या सहा जणांना फक्त विचारणाऱ्याच्या मनातलं ठाऊक होतं. सारी कबुली खोलीतच तयार झाली होती, म्हणून ती खोलीबाहेर कुठेच सापडेना.

सरकारने जर्मनीतून कार्ल श्युत्स या निवृत्त तपास अधिकाऱ्याला बोलावलं. त्यांनी विसंगत जबाब एका कथेत बसवले. 1977 च्या सुरुवातीला गुन्हा उलगडल्याचं जाहीर झालं आणि देशाच्या मानगुटीवरचं दुःस्वप्न उतरलं, अशा अर्थाचं न्यायमंत्री बोलले. एका मुलीच्या दुःस्वप्नावरून सुरू झालेला तपास असा सरकारी समाधानात संपला. सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये त्यांना दोषी ठरवणारा निकाल कायम केला आणि शिक्षा सुनावल्या. सायवारला 17 वर्षं, आणखी एक आरोपी क्रिस्त्यान विदार याला 16, त्रिग्वीला 13, बाकीच्यांना त्याहून कमी. काही आरोपींनी जबाब मागे घेतले होते, पण दिलेली कबुली परत घेता येत नाही, असंच न्यायालयांना आणि लोकांना वाटत राहिलं.

आता 27 सप्टेंबर 2018 ला, त्याच सर्वोच्च न्यायालयात या. मधल्या काळात त्रिग्वीच्या तुरुंगातल्या डायऱ्या गुदयोनसन यांच्या हाती आल्या. चार दशकांपूर्वी याच शहरात पर्सच्या चोरीची कबुली घेणारे तेच गुदयोनसन. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारी अभ्यासगटासाठी सारी कागदपत्रं तपासली आणि 2013 मध्ये कबुल्या विश्वासार्ह नसल्याचा निष्कर्ष दिला. इतक्या लांब एकांतवासाचं दुसरं प्रकरण आपण पाहिलेलं नाही, असं त्यांनी सांगितलं. आज न्यायालय खुनाच्या प्रकरणातल्या पाचही जणांना निर्दोष ठरवतं. पण दोन जागा रिकाम्या आहेत. त्रिग्वी 2009 मध्ये गेला, सायवार 2011 मध्ये. एर्लावर ठपका होता तो इतरांची खोटी नावं घेतल्याचा. तो या दिवशी पुसला जात नाही. सरकारने तिची माफी मागितली ती 2022 मध्ये.

आणखी दोन कुटुंबं आहेत, ज्यांना या निकालाने काहीच दिलं नाही. गुदमुंदुरचं आणि गेयरफिन्नुरचं. खोटी कबुली आरोपीचं आयुष्य नासवते हे आपण बोलतो. ती मृताच्या घरच्यांचंही लुटून नेते, हे बोलत नाही. उत्तर मिळालं असं समजून शोध थांबतो, आणि शोधाचे जे पहिले मोलाचे महिने असतात ते खोट्या कथेमागे वाया जातात.

आता महाराष्ट्रात परत या. ही परदेशातली गोष्ट म्हणून सोडून देता येईल, असं वाटत असेल तर एक पुरावा इथल्याच कायद्यात आहे. मद्रास इलाख्यातल्या छळाची चौकशी करणाऱ्या आयोगाने 1855 मध्ये अहवाल दिला. पुढे 1861 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आणि मग 1872 च्या पुरावा कायद्यात नियम आला की पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येणार नाही. तोच नियम आज भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 23 मध्ये आहे. त्याला एकच महत्त्वाचा अपवाद, जुनं कलम 27: आरोपीच्या सांगण्यावरून एखादी नवी गोष्ट उघडकीला आली, तर जबाबाचा तेवढाच भाग पुराव्यात येतो. पोलीस ठाण्यात ज्याला निवेदन पंचनामा म्हणतात, त्याचं मूळ हे. लाल टेकड्यांवरच्या फावड्यांचा प्रश्न आपल्या कायद्याने शंभर वर्षं आधी विचारून ठेवला होता: तू सांगितलंस, त्यातून निघालं काय?

या अपवादाचाही गैरवापर होतो, वस्तू आधी ठेवून मग ‘दाखवून’ दिल्या जातात, हे न्यायालयांनी अनेकदा नोंदवलं आहे. आणि मुळातला नियम आपण स्वतःच सैल केला आहे. 1999 च्या मकोका कायद्याखाली पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली पुरावा ठरते. 11 जुलै 2006 च्या मुंबई लोकल स्फोटांच्या खटल्यात अशाच कबुल्या होत्या. जुलै 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या विश्वासार्ह मानल्या नाहीत आणि बाराही आरोपींना सोडलं. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल इतर खटल्यांसाठी दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली आहे. त्यावरचा शेवटचा शब्द त्या न्यायालयाचा. पण त्या लोकलमध्ये ज्यांची माणसं गेली, त्यांना जवळपास दोन दशकांनंतरही पक्कं उत्तर नाही. तेही कबुलीवर विसंबून राहण्याच्या हिशेबात धरायला हवं.

म्हणून मागण्या साध्या आहेत. चौकशीचं पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत चित्रीकरण व्हावं, नुसतं कबुली देतानाचं नव्हे. वकील नावापुरता नको, जवळ हवा. कोठडीतला एकटेपणा हाही छळ मानला जावा. आणि अधिकाऱ्याचं प्रशिक्षण कबुली काढण्याचं नको, माहिती काढण्याचं हवं. इंग्लंडने 1990 च्या दशकात तसा बदल केला आणि त्यामुळे तिथला तपास थांबला नाही.

एक काम मात्र कुठल्या सरकारची वाट न बघता तुम्हाला करता येईल. उद्याच्या पेपरात ‘पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली’ असं वाचाल, तेव्हा ‘केलं नसतं तर कबूल कशाला केलं असतं?’ असं म्हणू नका. तुम्ही त्या खोलीत बसून आला आहात, का केलं असतं ते तुम्हाला माहीत आहे. विचारायचं ते एवढंच: पोलिसांना माहीत नव्हतं असं त्याने काय सांगितलं, आणि ते खरं निघालं का? उत्तर ‘काहीच नाही’ असं असेल, तर गुन्हा अजून उलगडलेला नाही आणि खरा गुन्हेगार कदाचित मोकळा फिरतो आहे.